विश्लेषण : लिनक्स लॅपटॉपला चालणारा म्युझिक प्लेयर कसा निवडाल? रेंज नसलेल्या गावात तो का लागतो?

मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं, की डिंभे धरणाच्या पुढे मोबाइलची रेंज डोंगराच्या वळणांप्रमाणे येते आणि जाते. तळेघर, त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्या आणि शेजारच्या जुन्नर तालुक्याचा पश्चिम पट्टा इथे ऑनलाइन गाणी ऐकणं म्हणूनच भरवशाचं नाही. मेमरी कार्डात भरून ठेवलेली गाणी, कीर्तनं आणि घरच्यांचे आवाज हाच इथला खात्रीचा संग्रह. त्यातच अनेकांच्या जुन्या लॅपटॉपवर आता विंडोजच्या जागी लिनक्स येऊ लागलं आहे. मग साधा वाटणारा प्रश्न अवघड होतो : या लॅपटॉपला जोडल्यावर निमूटपणे चालेल असा म्युझिक प्लेयर कोणता घ्यायचा? चुकीचा घेतला तर नेमकं काय अडतं?

थोडक्यात सांगायचं तर...

• लॅपटॉपला जोडल्यावर जो साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो, तो प्लेयर लिनक्सवर चालतो.
• मेमरी कार्ड बाहेर काढता येत असेल तर निम्म्याहून अधिक अडचणी तिथेच संपतात.
• गाणी भरायला कंपनीचं खास सॉफ्टवेअर लागत असेल तर दोनदा विचार करा.
• घरची रेकॉर्डिंग फक्त प्लेयरमध्ये ठेवू नका. मूळ प्रत वेगळी हवी.

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. कॉलेजच्या दिवसांत घेतलेले किंवा पुण्यातून जुने म्हणून आणलेले अनेक लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं हा बिनखर्चाचा मार्ग आहे. ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते आणि मराठी टायपिंगची सोयही देते.

दुसरं कारण रेंजचं. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाऊनलोड’ केलेलं गाणं आपल्याकडे आलं असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती फाइल कुलूपबंद असते आणि त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवेत तर ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर डाऊनलोड केलेली गाणीही बंद होतात. आषाढ-श्रावणात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची असलेल्या गावात ही अट जाचकच.

तिसरं कारण फोनची बॅटरी. टॉर्च, फोन, पैशांचे व्यवहार सगळं एकाच हँडसेटवर असताना दिवसभर भजनं ऐकून तो संपवणं परवडत नाही. आवणीच्या वेळी भातखाचराच्या बांधावर ठेवायला, हिरडा गोळा करायला जाताना खिशात टाकायला किंवा आजीच्या उशाशी ठेवायला वेगळं छोटं यंत्र बरं पडतं.

लिनक्समध्ये अडचण नेमकी कुठे येते?

लिनक्स हा संगणक-प्रणालीचा गाभा. लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे लिनक्स गाण्यांना परकं नाही. अडचण येते ती प्लेयर बनवणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने. अनेक कंपन्या गाणी भरण्याचं किंवा प्लेयर अपडेट करण्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी काढतात. ते सॉफ्टवेअर असल्याशिवाय गाणी भरताच येणार नाहीत अशी प्लेयरची रचना असेल, तर लिनक्सचा वापरकर्ता अडकतो.

त्यामुळे खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ लिहिलंय का हे शोधत बसू नका. बहुतेक खोक्यांवर ते नसतंच. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हा प्लेयर संगणकाशी कोणत्या पद्धतीने बोलतो?

पहिला निकष : जोडणीच्या तीन पद्धती

१) यूएसबी मास स्टोरेज. यात प्लेयर संगणकाला सांगतो, की ‘मी एक डिस्क आहे’. संगणक त्याला पेनड्राइव्ह समजून उघडतो, तुम्ही फोल्डर कॉपी-पेस्ट करता आणि काम संपतं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्स, विंडोज, मॅक, सायबर कॅफेतला जुना संगणक, सगळीकडे तीच रीत. लिनक्स वापरणाऱ्याने पहिली पसंती याच पद्धतीला द्यावी.

२) एमटीपी. अर्थात मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने आणली आणि २००८ मध्ये यूएसबीच्या मानकांत तिचा समावेश झाला. यात डिस्कचा ताबा प्लेयरकडेच राहतो. संगणक फक्त ‘ही फाइल दे’, ‘ही फाइल घे’ अशी विनंती करतो. मास स्टोरेजमध्ये संगणक डिस्क वापरत असताना फोनला ती वापरता येत नसे. ती अडचण टाळण्यासाठी अँड्रॉइड फोनही एमटीपीकडे वळले. लिनक्समध्ये ‘लिबएमटीपी’ नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे हे चालतं, पण कुरकुरत. मोठं फोल्डर कॉपी करताना मध्येच जोडणी तुटणं, हजारभर फाइल असल्या की यादी उघडायला वेळ लागणं, असे अनुभव येतात. एका वेळी थोड्या फाइल पाठवल्या तर निभावतं.

३) कंपनीची खास पद्धत. यात फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. ती कुठे आहे, तिचं नाव काय, गायक कोण, याची नोंद प्लेयरच्या आतल्या एका वहीत व्हावी लागते आणि ती वही लिहिण्याचं काम कंपनीचं सॉफ्टवेअर करतं. नोंद नसेल तर गाणं डिस्कवर असूनही प्लेयरला दिसत नाही. आयपॉड हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

मग जुना आयपॉड घ्यावा का?

ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड सादर केला आणि मे २०२२ मध्ये शेवटच्या आयपॉड टचचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेले जुने आयपॉड अजून अनेक घरांत कपाटात पडून आहेत. संगणकाला लावल्यावर जुना आयपॉड डिस्क म्हणून दिसतो, पण आतली गाणी अगम्य चार अक्षरी नावांनी वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरलेली असतात. खरी नावं त्या ‘वहीत’ असतात.

लिनक्सच्या मंडळींनी ही वही वाचण्या-लिहिण्यासाठी ‘लिबजीपॉड’ तयार केलं. २००७ मध्ये आलेल्या आयपॉड क्लासिक आणि तिसऱ्या पिढीच्या नॅनोमध्ये ॲपलने वहीवर एक सांकेतिक मोहोर घातली, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलेली वही प्लेयर नाकारू लागला. स्वयंसेवकांनी काही दिवसांतच त्या मोहोरेची उकल केली. पण मुद्दा उरतोच : स्वतःच्या प्लेयरमध्ये स्वतःची गाणी भरण्यासाठी कुलूप उघडावं का लागावं?

यावर दुसरा उपाय ‘रॉकबॉक्स’. प्लेयरची मूळ प्रणाली बाजूला सारून बसवता येणारी ही मुक्त प्रणाली २००१ पासून स्वयंसेवक घडवत आहेत. जुने हार्डडिस्कचे आयपॉड, सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप प्लस, फिओचा एम३के अशा ठरावीक प्लेयरवर ती चालते. रॉकबॉक्स घातलं की आयपॉडही फोल्डरप्रमाणे गाणी वाजवतो आणि वहीची कटकट संपते. मात्र आयपॉड पूर्वी मॅकला जोडून वापरला असेल तर त्याची डिस्क मॅकच्या पद्धतीने आखलेली असू शकते. अशा डिस्कवर लिनक्सला लिहिताना अडचण येते. ती आधी फॅट३२ पद्धतीने आखून घ्यावी लागते आणि त्यात आतली सगळी गाणी पुसली जातात. कपाटात आयपॉड पडूनच असेल तर हा खटाटोप करून पाहायला हरकत नाही. पैसे देऊन जुना विकत घेताना मात्र बॅटरीचं वय लक्षात घ्या.

दुकानात एका मिनिटात कसं तपासायचं?

मंचर, नारायणगाव, पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मंगळवार पेठेतला जुना बाजार, कुठेही घ्या, दोन साध्या तपासण्या करता येतात.

• दुकानदाराच्या विंडोज संगणकाला प्लेयर लावा. पेनड्राइव्हसारखं त्याला ड्राइव्हचं स्वतंत्र अक्षर मिळालं तर तो मास स्टोरेज. अक्षर न मिळता नुसतंच यंत्राचं नाव आणि चित्र दिसलं तर बहुधा एमटीपी.
• संगणक नसेल तर तुमचा अँड्रॉइड फोन आणि दीडवित वायर पुरेशी आहे. ओटीजी वायरने प्लेयर फोनला जोडा. फाइल मॅनेजरमध्ये ‘यूएसबी स्टोरेज’ म्हणून तो उघडला आणि एखादं गाणं त्यात कॉपी होऊन वाजलं, तर लिनक्स लॅपटॉपवरही तो चालेल असं धरायला हरकत नाही. गाभा दोन्हीकडे लिनक्सचाच आहे.

काही प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी मोड’ असा पर्याय असतो. सॅन्सा क्लिप प्लसमध्ये तो होता. तिथे एमटीपीऐवजी मास स्टोरेज निवडता येतं. एमटीपी दिसलं म्हणून लगेच नकार देण्याआधी हा पर्याय शोधा.

आणखी एक प्रश्न विचारा : प्लेयरचं अपडेट कसं करायचं? ‘फाइल कार्डात टाकायची आणि प्लेयर चालू करायचा’ असं उत्तर आलं तर उत्तम. त्यासाठी विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागत असेल तर तेवढ्यापुरता दुसऱ्याचा संगणक शोधावा लागेल.

मेमरी कार्ड का महत्त्वाचं?

बाहेर निघणारं मायक्रो एसडी कार्ड हा लिनक्स वापरणाऱ्याचा सर्वांत मोठा आधार आहे. प्लेयरची जोडणी कशीही असो, कार्ड काढून कार्ड-रीडरमध्ये घातलं की ते सरळ डिस्क म्हणून उघडतं. प्लेयर बिघडला तरी गाणी वाचतात. प्लेयरचं चार्जिंगचं पोर्ट ढिलं झालं, जे वर्ष-दोन वर्षांत होतंच, तरी गाणी भरण्याचं काम अडत नाही. मात्र अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेयरमध्ये कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून जोडू नका. तसं केलं की ते त्या यंत्रापुरतं सांकेतिक होतं आणि बाहेर वाचता येत नाही.

कार्ड घेताना आकार पाहा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे फॅट३२ पद्धतीने आखलेली येतात आणि स्वस्तातला प्लेयरही ती वाचतो. ६४ जीबी आणि त्यापुढची एक्सफॅट पद्धतीने येतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं. त्याचा तपशील कंपनीने २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत त्याचा समावेश झाला. त्यामुळे आजच्या लिनक्सवर एक्सफॅट आपोआप उघडतं. खूप जुनी आवृत्ती असेल तर एक छोटं पॅकेज टाकावं लागतं. स्वस्त प्लेयरला मात्र एक्सफॅट कळेलच असं नाही. म्हणून साध्या प्लेयरसाठी ३२ जीबीचं कार्ड पुरे. सेकंदाला १२८ किलोबिट दराची एमपी३ धरली तर त्यात साडेपाचशे तासांच्या आसपास ध्वनी मावतो. रोज दोन तास ऐकलं तरी नऊ महिने पुरेल.

लिनक्सवर कॉपी करताना एक सवय लावून घ्या. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली म्हणजे फाइल कार्डात उतरली असं नाही. लिनक्स काही भाग आधी स्मृतीत ठेवतं आणि मागून लिहीत राहतं. ‘ईजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढली तर शेवटची काही गाणी अर्धवट राहतात. क्वचित सगळ्या कार्डाची मांडणी बिघडते.

कोणत्या फॉरमॅटमध्ये गाणी ठेवावीत?

इथे थोडा इतिहास उपयोगी आहे. भीमाशंकरच्या कड्याखाली, कोकणच्या बाजूला, रायगड जिल्ह्याचा कर्जत तालुका लागतो. तिथल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा भारतातला प्रयोग झाला. मुलांना दिलेले ते हिरवे-पांढरे लॅपटॉप लिनक्सवर चालत. पण त्यात एमपी३ वाजवण्याची सोय मूळ प्रणालीत दिलेली नव्हती. कारण तांत्रिक नव्हतं. एमपी३ वर तेव्हा पेटंट होती आणि मुक्त सॉफ्टवेअरला तो परवाना घेऊन वाटणं शक्य नव्हतं. त्याऐवजी ऑग व्हॉर्बिस हा मुक्त फॉरमॅट होता.

हा तिढा २०१७ मध्ये सुटला. एमपी३ घडवणाऱ्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने त्या वर्षी परवाने देणं थांबवलं, कारण पेटंटची मुदत संपत आली होती. त्यानंतर लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत एमपी३ सर्रास आलं. त्यामुळे ‘लिनक्सवर एमपी३ चालत नाही’ ही समजूत आता कालबाह्य आहे.

आज व्यवहारात एवढं लक्षात ठेवा :

• एमपी३ : प्रत्येक प्लेयरला कळतं. ऐकण्याच्या प्रतीसाठी हेच. एका तासाला साधारण ५८ एमबी.
• फ्लॅक : मूळ ध्वनीतला एकही तपशील न गाळता आकार कमी करतो, खुला आहे. जपून ठेवायच्या प्रतीसाठी उत्तम, पण जागा कितीतरी जास्त घेतो. बरे प्लेयर तो वाजवतात, स्वस्तातले सगळे नाही.
• ओपस : व्हॉट्सॲपचे आवाजी संदेश याच फॉरमॅटमध्ये असतात. कमी जागेत बोलणं स्पष्ट ठेवतो. बहुतेक स्वस्त प्लेयर तो ओळखत नाहीत.
• डब्ल्यूएमए : मायक्रोसॉफ्टचा जुना फॉरमॅट. नव्याने यात काही साठवू नका.

ओपसचा मुद्दा इथल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. मुलगा पुण्या-मुंबईला, आजी गावी, अशा घरांत आवाजी संदेश हीच पत्रं आहेत. आजीने पाठवलेली ओवी किंवा लग्नातलं गाणं फोनमध्ये ओपस म्हणून पडलेलं असतं. ते प्लेयरमध्ये टाकलं आणि वाजलं नाही, तर फाइल खराब झाली असं समजून पुसू नका. लिनक्सवर ‘साउंडकन्व्हर्टर’ किंवा व्हीएलसीने तिची एमपी३ प्रत करा आणि मूळ फाइल तशीच ठेवा.

मराठी नावं आणि गाण्यांचा क्रम

लिनक्सवर देवनागरी फाइल-नावं उत्तम दिसतात. अडचण प्लेयरच्या छोट्या पडद्यावर होते. काहींत देवनागरीच्या जागी चौकोन येतात, काहींत जोडाक्षरं तुटतात. खरेदीपूर्वी ‘ज्ञानेश्वरी’ किंवा ‘श्रीकृष्ण’ असं नाव असलेली एक फाइल टाकून पडदा पाहा. दिसत नसेल तर फाइलचं नाव रोमन लिपीत द्या. गाण्याच्या आत लपलेली माहितीही, म्हणजे टॅग, जुन्या प्लेयरना जुन्या आवृत्तीतच कळते. लिनक्सवरच्या ‘इझीटॅग’ किंवा ‘किड३’ मध्ये आयडी३ ची २.३ आवृत्ती निवडली तर बहुतेक ठिकाणी निभावतं.

क्रमाचा घोळ त्याहून जास्त त्रास देतो. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय १, २, ३ अशा नावांनी टाकले तर अनेक यंत्रं १ नंतर १० वाजवतात, मग ११ आणि १८ संपल्यावर २. म्हणून ०१, ०२ अशी दोन अंकी नावं द्या. स्क्रीन नसलेले छोटे प्लेयर आणि स्पीकर तर नावाकडे बघतच नाहीत. फाइल ज्या क्रमाने कार्डात उतरली त्याच क्रमाने वाजवतात. त्यावर लिनक्समध्ये ‘फॅटसॉर्ट’ हे छोटं साधन आहे. ते कार्डातली यादी नावाप्रमाणे लावून देतं. पारायण किंवा काकड्याची भजनं ऐकणाऱ्यांसाठी हे पाच मिनिटांचं काम मोलाचं आहे.

बाजारात पर्याय कोणते?

कीपॅडचा साधा फोन : कार्डाची जागा आणि एमपी३ ची सोय असलेला फोन हा सर्वांत स्वस्त ‘लिनक्स-प्लेयर’ आहे. बॅटरी दिवसेंदिवस टिकते, ती बदलता येते, रेडिओ आणि टॉर्च वर मिळतात. वायर लावल्यावर ‘मास स्टोरेज’ निवडा, नाहीतर कार्ड काढून भरा. मात्र प्रत्येक साध्या फोनमध्ये एमपी३ असतंच असं नाही. विचारून घ्या.

कार्ड-पेनड्राइव्हचा स्पीकर : जत्रेत, बाजारात सगळीकडे मिळतो. लिनक्सशी त्याचा थेट संबंध येतच नाही, कारण पेनड्राइव्ह लॅपटॉपवर भरला की झालं. एमपी३ आणि फॅट३२ एवढंच पाळा.

कारवां : सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या या यंत्रात गाणी आधीच भरलेली असतात. मराठी आवृत्तीही आहे. रेंज लागत नाही, वयस्कर माणसांना सोपं. आतली गाणी बदलता येत नाहीत, पण पेनड्राइव्ह लावून स्वतःची ऐकता येतात.

अँड्रॉइडवर चालणारे महागडे प्लेयर : सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ किंवा फिओचे काही प्लेयर या गटातले. आवाज सुरेख, पण जोडणी एमटीपीची. यात कार्डाची जागा असल्यास कार्ड-रीडर वापरा. दुसरा मार्ग ‘केडीई कनेक्ट’चा. लॅपटॉप आणि प्लेयर एकाच हॉटस्पॉटला जोडले की बिनवायरीची देवाणघेवाण होते. त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं.

जुना अँड्रॉइड फोन : काच तडकलेला, सिम न चालणारा फोनही प्लेयर म्हणून वर्षभर काढतो. विमान मोडवर ठेवला की बॅटरीही बरी टिकते.

लॅपटॉपवर संग्रह लावण्यासाठी ‘रिदमबॉक्स’ किंवा ‘स्ट्रॉबेरी’ ही दोन मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. दोन्ही मराठी नावं नीट दाखवतात आणि निवडलेली गाणी प्लेयरमध्ये पाठवतात. नाहीच आवडली तर साधं फोल्डर कॉपी करणं आहेच.

घरातल्या कॅसेटचं काय?

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. या परिसरातल्या घरांत वगनाट्याच्या, कीर्तनाच्या, घरच्या लग्नाच्या कॅसेट अजून सापडतात. बाजारातल्या कॅसेटची दुसरी प्रत कुठेतरी मिळेल. घरी टेपवर भरलेल्या आवाजाची मिळणार नाही, आणि दमट हवेत टेपला बुरशी लागते.

आवाज जपल्याने काय साधतं याचं मोठं उदाहरण पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो संग्रह आहे. त्यातल्या अनेक ओव्या ध्वनिफितींवर नोंदवल्या गेल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या लोकांसमोर येत आहेत. ज्या गावांत पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं, तिथल्या बायकांचे आवाज त्यामुळे आजही ऐकता येतात.

घरच्या पातळीवर हे काम लिनक्स लॅपटॉपवर फुकटात होतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर लॅपटॉपच्या माइकच्या किंवा लाइन-इनच्या जागेत घाला. लॅपटॉपला ती वेगळी नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड लावा. बहुतेक साउंड कार्ड लिनक्स आपोआप ओळखतं. ‘ऑडॅसिटी’ सुरू करून कॅसेट वाजवा. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मूळ प्रत फ्लॅकमध्ये लॅपटॉपवर आणि आणखी एका डिस्कवर ठेवा, एमपी३ प्रत प्लेयरमध्ये. फाइलच्या नावात कोण गातंय, कुठे आणि कधी हे लिहा. पाच वर्षांनी ते कुणालाच आठवत नाही.

हक्कांचं भानही हवं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे असतात. स्वतःच्या घरची रेकॉर्डिंग तुमची. विकत घेतलेल्या कॅसेटची प्रत ऐकण्यापुरती ठेवा, चिप भरून विकू नका.

गाणी हातातून जातात कशी?

मायक्रोसॉफ्टने ‘एमएसएन म्युझिक’ या आपल्या दुकानातून कुलूपबंद गाणी विकली होती. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने कळवलं, की ३१ ऑगस्टनंतर त्या गाण्यांच्या किल्ल्या देणं थांबेल. म्हणजे नवा संगणक घेतला की पैसे मोजून घेतलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर ही मुदत वाढवावी लागली. त्या ग्राहकांनी काही चूक केली नव्हती, त्यांची गाणी फक्त एका कंपनीच्या किल्लीवर अवलंबून होती. प्लेयर साध्या डिस्कसारखा उघडावा, फॉरमॅट खुला असावा आणि कार्ड बाहेर निघावं, हा आग्रह यासाठीच आहे. लिनक्स वापरणाऱ्याला ही अडवणूक आधी जाणवते, विंडोज वापरणाऱ्याला संगणक बदलताना आणि फोन वापरणाऱ्याला रेंज गेल्यावर.

खरेदीपूर्वी एवढं तपासा

१) जोडल्यावर डिस्क म्हणून उघडतो का?
२) कार्ड बाहेर निघतं का? किती जीबीपर्यंत चालतं?
३) एमपी३ सोबत फ्लॅक वाजतं का? हवंच असेल तर.
४) देवनागरी नावं नीट दिसतात का?
५) बॅटरी बदलता येते का? चार्जिंगची वायर घरच्या फोनचीच चालते का?
६) अपडेटसाठी विंडोज लागतं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर बाकीच्यांत तडजोड चालेल. दोन्ही ‘नाही’ असतील तर आवाज कितीही चांगला असला तरी लिनक्स लॅपटॉप असलेल्या घरात तो प्लेयर आणू नका. आणि कोणताही आणला तरी आधी एक काम उरका : फोनमधले घरच्यांचे आवाजी संदेश लॅपटॉपवर उतरवून घ्या. फोन हरवतो, पाण्यात पडतो, आणि ते आवाज पुन्हा डाऊनलोड करता येत नाहीत.